कड्यावर घेतलेलं नाव

सोमवार, १५ जानेवारी १९७३

काल संक्रांत झाली. शेजारच्या बायडाबाईने अख्ख्या आळीला हळदीकुंकवाला बोलावलं. मला सोडून! मी अंगणात भांडी घासत होते. समोरून एकेक बाई नटूनथटून चालली होती, आणि माझ्या अंगणापाशी आली की कडेवरच्या पोराला पदराखाली घेत होती.

मी मूल खाते म्हणे. मी, मनकर्णा. सातवी पास. माहेर देवळाली प्रवरा, तिथे माझ्या मांडीवर सगळ्या गल्लीची पोरं वाढली. आणि इथे पारनेरच्या या माळावर मी चेटकीण!

गोरख माझ्या जावेचा, छबूबाईचा. अजून बोबडं बोलत होता. मार्गशीर्षात हगवण लागली आणि एका दिवसात पोर वाळून गेलं. आदल्या संध्याकाळी माझ्या मांडीवर बसून त्याने दूधभाकरी खाल्ली होती. तेवढंच सगळ्यांनी धरलं. हिची कूस उजवत नाही, म्हणून हिने दुसरीचं खाल्लं.

आणि हे पहिल्यांदा कोण बोललं? सासू. गोजरबाई. पोराला माती देऊन पुरुषमाणसं परत यायची होती, तोच — ‘शेवटचा घास हिच्या हातचा हुता.’ छबूबाईने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बस्स. त्या क्षणापासून मी तिची वैरीण.

गोरखसाठी मला रडूसुद्धा दिलं नाही या बाईने. याचं उट्टं काढीन.

बुधवार, १७ जानेवारी

विहिरीवर दोराला हात लावू देत नाहीत. ‘तुझं भांडं लांब ठिव, आमी वततो.’ लांब ठेवलं. उंचावरून ओतलं त्यांनी, निम्मं मातीत गेलं. या दुष्काळात! मी एकेकीचं तोंड बघून ठेवलं आहे.

सोमवार, २२ जानेवारी

पाझर तलावाच्या कामावर मला वेगळं बसवलं. सगळ्यांपासून लांब, एकटीच खडी फोडत. आमचा मुकादम कोण? माझाच नवरा! बायकोचं नाव नवऱ्याने घेतलं तर चालतं, नवऱ्याचं बायकोने घ्यायचं नाही. तोंडाने घेत नाही. हाताने घेते. सहादेव! सहादेव! सहादेव! काय वाकडं झालं?

जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘आई म्हनती, अमुशाला तुला कड्यावर न्यावं.’

‘आणि तुम्ही काय म्हणता?’

‘मी काय म्हननार.’

खरंच, हा काय म्हणणार! आई म्हणेल ते. घोडेगावच्या बाजारात जाऊन गाय बघून यावी, तशी सासू तिच्या भावाकडे जाऊन भाचीला बघून आली आहे. दात, पाय, सगळं बघितलं असेल. मी कड्यावरून सुधारून आले नाही तर तिला आणायची. मला तिकडेच सोडायची.

शनिवार, २७ जानेवारी

चेटकीणकडा मी बघितला आहे. लग्न झालं त्या वर्षी हौसेने गेले होते जत्रेला. हिरव्या बांगड्या भरल्या, गोडी शेव खाल्ली, आणि मग सगळ्यांबरोबर वर चढून मजा बघितली. एका बाईला आणलं होतं. आसाराम भगत तिला निंबाच्या फोकाने झोडपत होता आणि विचारत होता — कुणी धाडलं? नाव सांग! बाईने शेवटी नाव घेतलं. तिच्या शेजारणीचं. लगेच सगळे तिकडे वळले. अंगात आलेली खोटं बोलत नाही, असं मानतात.

आज खडी फोडता फोडता हे सगळं आठवलं आणि माझा हातोडा हवेतच राहिला.

नाव घ्यायचं असतं ना? घेईन की!

मंगळवार, ३० जानेवारी

ओढ्यात उतरून आवाज काढून बघितला. घोगरा, पोटातून. एक होला फडफडत उडाला. जमेल.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

सासूने आज डोक्यावरून अंघोळ केली. ठेवणीतलं लुगडं काढून उन्हात टाकलं. छबूबाईला म्हणते, ‘उद्या सोक्षमोक्ष हुईल बघ.’ मी चुलीपाशी बसून त्यांच्या उद्याच्या भाकरी थापल्या. छान पापुद्रा आला.

होईल, आत्याबाई. सोक्षमोक्ष होईल!

रविवार, ४ फेब्रुवारी

कालचं सगळं लिहिते. पाठ सुजली आहे, पालथी पडून लिहिते.

उजाडताच बैलगाडीने निघालो. सासू, छबूबाई, थोरले दीर, सहादेव आणि मी. शनिवार आणि त्यात अमावस्या, मग काय विचारता! पायथ्याला एस.टी.च्या जादा गाड्या, रेवड्यांची दुकानं, पाळणा, फोटोवाला. त्याच्या पडद्यावर ताजमहाल. दुष्काळाचे दिवस, पण गर्दी मावत नव्हती. नगरहून जीप करून आलेली मंडळीपण होती, गळ्यात दुर्बीण. त्यांच्यातली एक गॉगलवाली वाटेत माझ्याशेजारी आली.

‘खरंच येतं का हो तुमच्या अंगात?’

‘थांबा थोडं. दाखवते,’ मी म्हटलं.

खूश झाली. नवऱ्याला ओरडून म्हणाली, अहो, पुढची जागा धरा.

वर कड्याच्या टोकाशी ती शिळा आहे. शेंदूर फासलेली, मधे तोंडासारखी भेग. वारा शिरला की आतून हुंकार येतो. गुरांचं दूध पिणाऱ्या चेटकिणीला नाथांनी चिमटा रोवून तिथे खिळलं, असं सांगतात. शेजारी बाभूळ. तिच्या खोडाला बायकांच्या केसांच्या बटा खिळ्यांनी ठोकलेल्या — काळ्या, पांढऱ्या, एक तर पार लहान मुलीची असावी, रिबिनीसकट.

सासूने मला पुढे ढकललं. ‘हीच ती.’

आसारामने केस सोडायला लावले. मी ठरवलं होतं, दोनतीन फोक गुमान खायचे, मग सुरू करायचं. पण पहिलाच फोक बसला आणि खोटं काही करावंच लागलं नाही. गळ्यातून जे निघालं ते माझं मलाच ओळखू आलं नाही! माझ्या दारावरून पदराखाली नेलेली पोरं, लांबून ओतलेलं पाणी, सगळं त्या आवाजात होतं. मी घुमत होते. जमीन फिरत होती.

‘कोन हायस तू?’

‘भुकेली!’

‘कुनी धाडलं? नाव सांग!’

मी लगेच नाही सांगितलं. थांबले. केसांच्या आडून बघून घेतलं — सासू अगदी पुढे, हातात नारळ, शेजारी छबूबाई. सगळा कडा माझ्या तोंडाकडे बघत होता. आयुष्यात कोणी माझ्या बोलण्याची अशी वाट बघितली नव्हती.

‘गोजर! गोजरनं धाडलं! नातू गोजरनं खाल्ला!’

सासूच्या हातातला नारळ पडला आणि घरंगळत गेला. ती म्हणाली, ‘आगं, काय बोलतीस...’ तेवढ्यात छबूबाई तिच्यापासून बाजूला सरकली. फार नाही, एक पाऊल. पण ते सगळ्यांनी बघितलं.

आसारामची पापणीसुद्धा हलली नाही. त्याला कोणीही चालतं. त्याने सासूची पांढरी बट कापली आणि बाभळीला ठोकली. गॉगलवाली नवऱ्याला विचारत होती, फोटो आला का?

येताना गाडीत मी पुढे. सासू मागे, पाय लोंबकळत. मी रेवडी खाल्ली. गोड लागली! इथे खोटं कशाला लिहू.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सासूला गोठ्यात काढलं. तिच्या हातचं कोणी खात नाही, तिच्या अंगाचा वारा नको म्हणतात. कोठीची किल्ली माझ्या कमरेला. सहादेव लाडात येतो, आईच्या त्या भाचीचं नावसुद्धा काढत नाही. आणि बायडाबाई वाण घेऊन दारात! ‘तुमचं तेवढं ऱ्हायलं हुतं बाई. रथसप्तमीच्या आत द्यावं म्हनलं.’ तिला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. चांगलं ऊन लागू दिलं, मग कुंकू लावून घेतलं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

सासूला भाकरी द्यायला गोठ्यात गेले. मी मनात भांडण तयार ठेवलं होतं. ती म्हणेल खोटारडी, मी म्हणेन तुम्ही कोण. पण ती म्हणाली —

‘मनकर्णे, एक इचारू? ज्याच्यात ते आसतं, त्याला सोताला कळतं का गं?’

मला समजलंच नाही आधी.

‘सपान पडलं हुतं मला. गोरख जायच्या आदल्या दिशी. मी त्याला घास भरवत हुते आन त्यो खातच हुता, खातच हुता. मंग माझंच आसंल त्ये. तुझा काय दोस? तू बोललीच न्हाईस, त्ये तर चेटूक बोललं. मी उगंच तुझ्यावर घेतलं गं.’

ती माझ्यावर विश्वास ठेवून बसली आहे! मला वैरीण हवी होती. भांडायला, जिंकायला. ही तर माझ्याच बाजूची होऊन बसली.

मी म्हटलं, ‘कळत नसतं, आत्याबाई.’ भाकरी ठेवली आणि आले.

बरं वाटायला हवं होतं. वाटलं. थोडं वाटलं.

बुधवार, २१ फेब्रुवारी

सासूने ते स्वप्न छबूबाईलाही सांगितलं. छबूबाईने तापलेला कलथा तिच्या तळव्यावर ठेवला. ‘ह्याच हातानं भरवलास ना?’ सासू ओरडलीसुद्धा नाही, नुसती हात पुढे धरून राहिली. थोरले दीर बैलाला पाणी दाखवायला निघून गेले. सहादेव तंबाखू मळत होता. त्या दोघांना तिनेच जन्म दिला आहे.

मी आत जाऊन खोबरेल आणलं, पण तिच्या हाताला लावायचं धाडस झालं नाही. वाटी गोठ्याच्या दारात ठेवली.

दुपारी आसाराम जेवायला आला. बोलावलं कोणी कोण जाणे. सांगितलं, नुसत्या बटेने भागणार नाही. येत्या अमावस्येला म्हातारीला परत कड्यावर आणा, दात पाडावे लागतील. ‘दात पाडलं की मंतर फुटत न्हाई.’

गोठ्यातून सासूचा आवाज आला, ‘चारच ऱ्हायल्यात. घ्या म्हनावं.’

 आसारामने परत आमटी मागितली. मी वाढली. तो चावत होता आणि मी त्याचे दात बघत होते. सगळे शाबूत.

सोमवार, २६ फेब्रुवारी

आज सहादेवला खरं सांगितलं. कामावरून येताना, बांधावर. म्हटलं, माझ्या अंगात काही आलं नव्हतं. मी मुद्दाम आत्याबाईंचं नाव घेतलं. सूड म्हणून. त्यांनी काही केलं नाही, मीही काही केलं नाही. तुमच्या आईचे दात वाचवा.

तो दोन पावलं मागे सरला. कुत्रं चावेल असं वाटल्यावर सरतात तसा.

‘तिनं तुझी जीभ धरली,’ म्हणाला. ‘तीच बोलतीया तुझ्या तोंडानं. गप ऱ्हा. दुसऱ्याला बोललीस तर तुलाबी धरतील.’

खोटं बोलले तेव्हा सगळ्या कड्याने मान डोलावली. खरं बोलले तर सख्खा नवरा घाबरतो!

गुरुवार, १ मार्च

ठीक आहे. खरं चालत नाही ना इथे? मग जे चालतं तेच.

शनिवार, ३ मार्च

शिवरात्र. उपास. उद्या कडा.

आसाराम, आमची आमटी फार आवडली होती ना तुला?

सोमवार, ५ मार्च

झालं!

कालची गर्दी मागच्यापेक्षा मोठी. चेटकिणीचे दात पाडणार म्हणून लांबलांबची माणसं आली होती. झाडांवर चढून बसली होती. सासूला थोरल्या दिरांनी आणि सहादेवने दोन्हीकडून धरलं होतं. धरायची गरज नव्हती. शिळेपुढे बसवलं तशी बसली. आसारामने वरवंट्याएवढा दगड उचलला, आणि तिने आपण होऊन तोंड उघडलं. दवाखान्यात लहान पोर उघडतं तसं.

मी केस सोडले.

तो आवाज आता शोधावा लागत नाही. वर येतो.

‘आसाराम! आसारामनं धाडलं! अमुशा-अमुशाला आसाराम धाडतो आन आसारामच काढतो! गोरख आसारामनं खाल्ला!’

आधी कोणीतरी हसलं. मग हसणं थांबलं. कोणी म्हणालं, ‘आरं, मागल्या वक्ताला हिनंच म्हातारीचं नाव घेतलं हुतं, तवा खरं मानलं.’ आसाराम गरजला, ‘ही बाटली हाय!’ आणि फोक घेऊन माझ्यावर आला. फोक बसत होते. मला लागतच नव्हते. मी नुसतं नाव घेत होते.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. पदर तोंडावर घट्ट धरलेला. कुठल्या गावची, माहीत नाही. तिने पदर सोडला. पुढचे दात नव्हते, वरचा ओठ आत गेलेला. ती घुमायला लागली. फुटक्या शब्दांत, पण कळत होतं — ‘आशाराम! आशाराम!’ मग आणखी एक. मग इकडून, तिकडून. ज्या बायका बघायला आल्या होत्या त्यासुद्धा. वारा भेगेत शिरून हुंकारत होता आणि सगळा कडा त्याचं नाव घेत होता!

आसारामने दगड माझ्यावर उगारला. त्याचा हात छबूबाईने धरला. ‘माझं लेकरू!’ एवढंच ओरडली आणि त्याच्या तोंडावर नखं ओढली. तिला कोणीतरी हवंच होतं. तो तिला ढकलून उताराने पळाला. मागून दगड. धोतर घायपातात अडकलं आणि तो तोंडावर आपटला. पोलीसपाटलाने मधे पडून सोडवला, गाडीत घालून पारनेरला नेला. पुढचे दात गेले म्हणतात. मला जवळून बघायचे होते!

उतरताना सासू माझ्याबरोबर होती. बाकीचे पुढे. तिचा भाजलेला हात मी धरला होता, मनगटाला. अर्धी वाट उतरलो. मग म्हणाली,

‘पयल्यांदा तू खोटं बोललीस, का आज?’

‘दोन्हीदा, आत्याबाई.’

मला वाटलं मारेल. मारायला हवं होतं.

‘मंग गोरख कशानं गेला?’

‘हगवणीनं गेला. विहिरीच्या तळाचं घाण पाणी पीत होतो आपण सगळे. तो लहान होता.’

‘कुनीच न्हाई केलं?’

‘कुणीच नाही.’

ती वाटेतल्या दगडावर बसली. ‘मंग कुनाला धरायचं गं?’ म्हणाली, आणि रडायला लागली. पोर गेल्यापासून पहिल्यांदा. शिव्या नाहीत, नाव नाही, नुसती गोरखसाठी रडत होती. मी तिच्याशेजारी बसले. मग मीही. त्याची दूधभाकरी माझ्या बोटांना लागलेली होती, ते आठवलं. खालून सहादेव हाका मारत होता. मारू दे म्हटलं.

बुधवार, ७ मार्च

सासू घरात आली. किल्ली तिच्या हातात दिली तर तिने परत माझ्या कमरेला खोचली. छबूबाई अजून माझ्याशी बोलत नाही. पण काल तिच्या भाकरीबरोबर माझीही भाजून ठेवली होती.

रविवार, ११ मार्च

सकाळपासून अंगणात बायका बसल्या आहेत. आसारामची जागा रिकामी झाली, म्हणून माझ्याकडे! मी सांगितलं, मला काही येत नाही. एकही उठली नाही. एकीने तापाने फणफणलेलं पोर माझ्या पायावर घातलं — कुणी केलं, नाव सांगा. म्हटलं, दवाखान्यात ने. ढिम्म हलेना. शेवटी केस सोडले आणि त्या आवाजात ओरडले — पारनेरचा दवाखाना! आत्ताच्या आत्ता! तेव्हा कुठे पोर उचलून धावली.

बाकीच्या बसूनच राहिल्या. मग बायडाबाई पुढे सरकली, माझ्या कानाशी लागली, आणि मी कोणाचं नाव घ्यायचं ते तिने हळूच सांगितलं. तिच्या धाकट्या सुनेचं.